तुमची संख्या पन्नासपेक्षा मोठी आहे का?

दोन गावांतल्या दोन शाळांचे वर्ग व्हिडिओ कॉलवर समोरासमोर येतात. प्रत्येक वर्गाने १ ते १०० मधली एक संख्या ठरवून कागदावर लिहिलेली असते आणि कागद घडी घालून बाजूला ठेवलेला असतो. समोरच्या वर्गाची संख्या आपण ओळखायची, आपली त्यांनी. प्रश्न कोणताही विचारता येतो, मात्र उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच मिळते. कमी प्रश्नांत संख्या शोधणारा वर्ग जिंकतो. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी जगभरचे शिक्षक हा खेळ वापरतात. साहित्य म्हणून शिक्षकाचा एक फोन, शंभरपर्यंतचा तक्ता आणि झाकण्यासाठी मूठभर चिंचोके पुरतात. पहिल्या तीन-चार वर्षांत संख्यांविषयी जे शिकायचे असते, त्यातला मोठा भाग या खेळात येतो.

खेळ आणि त्यातले गणित

कॉल जोडण्याआधी कामे वाटून घेतली जातात. काही मुले प्रश्न तयार करतात. एक मूल तो प्रश्न फोनसमोर उभे राहून मोठ्याने विचारते. एक जण फळ्यावर प्रश्न आणि उत्तर नोंदवतो. उरलेल्या सगळ्यांसमोर शंभरचा तक्ता असतो. उत्तर आले की बाद झालेल्या संख्यांवर चिंचोके ठेवायचे. दुसऱ्या बाजूचा प्रश्न आला की आपली संख्या माहीत असलेला गट आपापसांत ठरवून उत्तर देतो. पाळी आलटून पालटून चालते.

सुरुवातीला मुले थेट संख्याच विचारतात. ‘सतरा आहे का?’, ‘चाळीस आहे का?’ अशा प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आले, तर शंभरातली एकच संख्या कमी होते. दोन-तीन डाव झाले की कुणाच्या तरी लक्षात येते की ‘पन्नासपेक्षा मोठी आहे का?’ असे विचारले, तर उत्तर काहीही आले तरी निम्मा तक्ता झाकला जातो. पुढचा प्रश्न उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करतो. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, मग तेरा, सात, चार, दोन आणि एक. या रीतीने शंभरातली कोणतीही संख्या जास्तीत जास्त ७ प्रश्नांत सापडते. संगणकशास्त्रात हीच युक्ती क्रमाने लावलेल्या यादीतून माहिती शोधायला वापरतात. दुसरीतले मूल ती तक्त्यावर चिंचोके ठेवत स्वतः शोधून काढते.

समजा, समोरच्या वर्गाने ३६ ही संख्या धरली आहे. ५० पेक्षा मोठी? नाही. २५ पेक्षा मोठी? हो. उरल्या २६ ते ५०. ३८ पेक्षा मोठी? नाही. ३२ पेक्षा मोठी? हो. उरल्या ३३ ते ३८. ३५ पेक्षा मोठी? हो. ३६ पेक्षा मोठी? नाही. म्हणजे ३६. सहा प्रश्नांत उत्तर मिळाले आणि त्या वाटेवर मुलांनी लहान-मोठेपणाची तुलना सहा वेळा केली.

यातली सगळ्यात मोलाची चूक सीमारेषेवर होते. ‘पन्नासपेक्षा मोठी आहे का?’ याला ‘नाही’ उत्तर मिळाले की बरीच मुले पन्नासवरही चिंचोका ठेवतात. पन्नास ही पन्नासपेक्षा मोठी नाही, म्हणून ती अजून खेळात आहे, हे कळायला थांबून विचार करावा लागतो. ‘पेक्षा मोठी’ आणि ‘किंवा त्याहून मोठी’ यांतला फरक पुढे बीजगणितात चिन्हांनी दाखवला जातो. इथे तो सातव्या वर्षी, हरल्या डावाच्या निमित्ताने समजतो. सरावलेली मुले याच्या पुढे जातात आणि ‘संख्या सम आहे का?’, ‘एककाच्या घरात शून्य आहे का?’, ‘दोन्ही अंकांची बेरीज नऊ येते का?’ असे प्रश्न शोधतात. त्यातून संख्येकडे तिच्या गुणधर्मांवरून पाहण्याची सवय लागते.

हा खेळ आला कुठून

वर्गांना दूरच्या वर्गांशी जोडण्याची कल्पना इंटरनेट घरोघरी पोहोचण्याआधीची आहे. ‘आयअर्न’ हे शाळांचे आंतरराष्ट्रीय जाळे १९८८ साली सुरू झाले. युरोपीय आयोगाने २००५ मध्ये ‘ई-ट्विनिंग’ हा उपक्रम सुरू करून युरोपातल्या शाळांच्या जोड्या लावल्या. स्काईपमुळे चित्रासह बोलणे फुकट झाले आणि वर्गांच्या भेटी सोप्या झाल्या. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्काईप विकत घेतले. त्या काळात शिक्षकांमध्ये ‘मिस्टरी स्काईप’ हा खेळ लोकप्रिय झाला. त्यात दोन वर्ग हो-नाहीच्या प्रश्नांवरून एकमेकांचे ठिकाण ओळखत. नकाशा न वाचता येणाऱ्या लहान मुलांसाठी शिक्षकांनी ठिकाणाच्या जागी संख्या ठेवली आणि संख्येचा खेळ तयार झाला. ५ मे २०२५ रोजी स्काईप बंद झाले, पण खेळाला त्याने काही फरक पडला नाही. तो झूम, गूगल मीट किंवा व्हॉट्सॲपवर तसाच खेळता येतो.

महाराष्ट्रातला अनुभव

पडद्यापलीकडच्या जिवंत माणसाशी बोलत शिकण्याचा अनुभव महाराष्ट्रातल्या ग्रामीण मुलांना नवा नाही. शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांना २०१३ मध्ये टेड पुरस्कार मिळाला आणि त्यातून ‘स्कूल इन द क्लाउड’ नावाची शिक्षणकेंद्रे उभी राहिली. त्यांपैकी एक साताऱ्याच्या फलटणमध्ये होते. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेमुळे फलटण हे नाव मराठी शिक्षणविश्वात आधीपासूनच परिचित होते. मित्रा यांच्या उपक्रमात ‘ग्रॅनी क्लाउड’चे स्वयंसेवक दूरवरून मुलांशी गप्पा मारत, गोष्टी वाचत, प्रश्न विचारत. त्यांच्याकडे ठरावीक अभ्यासक्रम नसे. पलीकडे कौतुकाने ऐकणारे कुणी असले की मुले बोलतात, हा त्यामागचा विचार होता.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीचे उदाहरण जगभर गाजले. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि आपल्या विद्यार्थ्यांना व्हिडिओ कॉलवरून इतर देशांतल्या वर्गांपर्यंत नेले. वैर असलेल्या देशांतल्या मुलांची एकमेकांशी ओळख करून देणारा त्यांचा ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ हा उपक्रम याच वाटेवरचा होता. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ जाहीर झाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेतूनही दूरच्या वर्गाशी नाते जोडता येते, हे परितेवाडीने दाखवले.

त्याच वर्षी करोनाने सगळ्याच शाळा पडद्यावर आणल्या. त्या काळातले ऑनलाइन शिक्षण बहुतेक मुलांनी एकेकट्याने, आईवडिलांच्या फोनवर, बहुधा ऐकत बसून घेतले. वर्ग-वर्ग खेळाची मांडणी याच्या उलट आहे. सगळी मुले आपल्याच वर्गात, आपल्याच बाईंसमोर एकत्र असतात आणि पडदा सगळ्यांत मिळून एकच असतो. करोनाकाळाच्या अनुभवावरून या खेळाची किंमत ठरवणे म्हणूनच योग्य नाही.

संख्या मुलांच्या मनात कशी रुजते

मूल एक ते वीस म्हणू लागले की घरात कौतुक होते. पण आकड्यांची नावे म्हणणे आणि मोजणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. रॉशेल गेलमन आणि चार्ल्स गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीमागची पाच तत्त्वे मांडली. प्रत्येक वस्तूला एकच संख्यानाम द्यायचे. नावांचा क्रम बदलायचा नाही. शेवटी उच्चारलेली संख्या म्हणजे सगळ्या वस्तू मिळून किती, ते समजायचे. मोजणी कोणत्याही वस्तूंची करता येते. सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच येते. यातले तिसरे तत्त्व पक्के झाल्याशिवाय बेरीज-वजाबाकीला पाया मिळत नाही.

त्यानंतर संख्यांची मनातली रेषा तयार होते. लहान मुलांच्या मनात या रेषेवर छोट्या संख्या ऐसपैस बसलेल्या असतात आणि मोठ्या संख्या टोकाला दाटीवाटीने. अनुभवाने अंतरे सारखी होत जातात. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० अंकांचा सरळ पट खेळायला दिला. सगळा खेळ मिळून सुमारे एक तासाचाच झाला. एवढ्या खेळाने संख्यांची तुलना, मोजणी, अंक ओळखणे आणि रेषेवर संख्येची जागा सांगणे, चारही गोष्टी सुधारल्या आणि नऊ आठवड्यांनीही तो फरक टिकून होता. अंकांऐवजी नुसते रंग असलेला पट खेळलेल्या मुलांत असा फरक दिसला नाही. संख्या शोधण्याच्या खेळात तक्त्यावरची जागा अशीच उपयोगी पडते. ‘एक्कावन्न ते शंभर’ हा भाग झाकताना मुलाला तो हाताने जाणवतो आणि डोळ्यांनी दिसतो.

खेळातली संख्या लिहिलेल्या अंकांशी जोडावी लागते, हे भारतातल्या संशोधनानेही दाखवले आहे. दिल्लीत ‘प्रथम’ संस्थेच्या मदतीने बालवाडीच्या मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एस्थर डुफ्लो आणि एलिझाबेथ स्पेल्के त्यात सहभागी होत्या. ठिपक्यांच्या समूहांची तुलना अशा खेळांनी मुलांची अंदाजाची जाण वाढली आणि टिकली, पण शाळेतल्या लेखी गणितात तिचा फायदा दिसला नाही. म्हणून प्रत्येक डावात संख्या ऐकणे, म्हणणे, तक्त्यावर शोधणे आणि लिहिणे ही चारही कामे व्हायला हवीत.

या सगळ्याची निकड आकडेवारीत दिसते. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशातल्या तिसरीच्या मुलांपैकी सुमारे ३४ टक्क्यांनाच निदान हातच्याची वजाबाकी जमत होती. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान यावे, यासाठी केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले आणि २०२६-२७ ही मुदत ठेवली. हे उद्दिष्ट गाठायचे तर दोन अंकी संख्या मुलांच्या अंगवळणी पडल्या पाहिजेत.

एकोणतीस आणि इप्पत्तोंबत्तु

मराठी मुलाला दोन अंकी संख्या शिकताना एक जास्तीची चढण असते. ‘सत्तेचाळीस’ ऐकताना सात आधी येतो, लिहिताना चार आधी. त्यामुळे ४७ च्या जागी ७४ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात सापडतात. ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकू येते आणि वहीत ६९ उमटते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ‘एकोण’ची रीत चालते आणि नव्व्याण्णवला अचानक तुटते. शंभरपर्यंतची जवळजवळ सगळी नावे वेगवेगळी पाठ करावी लागतात.

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात यावर उपाय म्हणून पारंपरिक नावांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी मांडणी आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. विधिमंडळातही तो गाजला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मांडणीमागचे कारण पुन्हा पुन्हा समजावून सांगितले. मुलांच्या मनातली गणिताची भीती कमी व्हावी आणि दशक-एकक नावातूनच कळावेत, एवढा त्यांचा हेतू होता. वादाच्या गदारोळात मुलांची अडचण बाजूला राहिली. ती आजही तशीच आहे.

कन्नडमध्ये ही अडचण फारशी नाही. वीस म्हणजे ‘इप्पत्तु’. त्याला एक, सात, नऊ जोडत जायचे की ‘इप्पत्तोंदु’, ‘इप्पत्तेळु’, ‘इप्पत्तोंबत्तु’ तयार होतात. दशक आधी, एकक नंतर, जसे अंकांत लिहितात तसेच. चिनी भाषेत तर अकरासुद्धा ‘दहा-एक’ असा बोलला जातो. केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले की अकराच्या पुढे मोजताना चिनी मुले त्याच वयाच्या अमेरिकन मुलांपेक्षा पुढे जातात. एक ते दहामध्ये मात्र दोघांत फरक नसतो. संख्यानामांची घडण शिकण्याचा वेग ठरवते, याचा हा भक्कम पुरावा आहे.

ही अडचण सुटण्यासाठी मराठी मुलाला भाषा बदलण्याची गरज नाही. त्याला ती नावे पुष्कळदा, अर्थासह ऐकायला आणि उच्चारायला हवीत. रोजच्या वर्गात ‘एकोणसाठ’ म्हणताना मूल तक्त्यावर बोट ठेवते आणि बाईंना कळते. पडद्यापलीकडच्या वर्गाला ते बोट दिसत नाही. तिकडे संख्या पोहोचवायची तर शब्द अचूक हवा, आणि शंका आली तर ‘पाच दशक, नऊ एकक’ असे फोड करून सांगावे लागते. या गरजेपोटी मुले स्थानिक किंमत बोलून दाखवतात. पाठांतराने जे महिनोन् महिने जमत नाही, ते इथे कुणाला तरी समजावून सांगण्याच्या निकडीतून जमते. वर्ग-वर्ग खेळाचे खरे बळ हेच आहे.

पडद्याचा प्रश्न

लहान मुलांच्या हाती पडदा देण्याबद्दलची पालकांची काळजी रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, कमी असला तर उत्तम, असे सांगितले. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना समोर बसलेल्या माणसाकडून मँडरिन भाषेचे ध्वनी ओळखता येऊ लागले, पण तेच ध्वनिचित्रफितीतून ऐकवले तेव्हा काहीच शिकता आले नाही.

मात्र सगळे पडदे सारखे नसतात. सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक आणि रोबर्टा गोलिंकॉफ यांनी २०१४ मध्ये दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे तीन प्रकारे शिकवून पाहिली: प्रत्यक्ष समोर बसून, व्हिडिओ कॉलवर आणि आधी मुद्रित केलेल्या चित्रफितीतून. प्रत्यक्षात आणि व्हिडिओ कॉलवर मुले शिकली, चित्रफितीतून शिकली नाहीत. कॉलवरची व्यक्ती मुलाच्या बोलण्याला तिथल्या तिथे, त्याला अनुसरून प्रतिसाद देत होती, हा फरक निर्णायक ठरला. संख्येच्या खेळात प्रत्येक प्रश्नाला पलीकडची मुले विचार करून उत्तर देतात. त्यामुळे पडदा इथे संवादाचे साधन होतो. २०-२५ मिनिटांच्या खेळात मुलांची नजर बहुतेक वेळ आपल्या तक्त्यावर असते, फोनवर नसते.

कोल्हापूरने कुणाशी खेळावे

हा खेळ कोल्हापूर जिल्ह्यात आणायचा, तर सोबती कुठला निवडावा? परदेशी वर्गाशी बोलण्याचे आकर्षण मोठे आहे आणि त्यातून मिळणारा आत्मविश्वासही खरा आहे. तरीही संख्या शिकण्यासाठी कोल्हापूरच्या मुलांचे सर्वांत चांगले सोबती जवळच आहेत. शेजाऱ्यांसोबत शिकण्याची बीजेही याच मातीत आहेत.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शाळा प्रत्येक गावातल्या प्रत्येक मुलापर्यंत गेली पाहिजे, हा त्यामागचा आग्रह होता. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक १९६४ ते १९६६ मध्ये कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. गारगोटीचे मौनी विद्यापीठ उभारण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. शेजारच्या शाळांनी संकुल करून शिक्षक, साहित्य आणि अनुभव वाटून घ्यावेत, ही शिफारस कोठारी आयोगाने केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीच कल्पना पुन्हा मांडली. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने, मूल कृतीतून आणि आनंदाने शिकते, हे वर्षानुवर्षे करून दाखवले. शेजारच्या वर्गाशी खेळत गणित शिकणे या तिन्ही विचारांना धरून आहे.

जिल्ह्याच्या १२ तालुक्यांत परिस्थिती सारखी नाही. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, चंदगडच्या डोंगरी वाड्यांवर एका इयत्तेत चार-पाच मुले असलेल्या शाळा आहेत. तिथे एक शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळतो. चार मुलांत डाव रंगत नाही आणि चुकीला दुसरे मत मिळत नाही. अशा दोन-तीन छोट्या शाळा कॉलवर एकत्र आल्या तर प्रत्येक मुलाला आपल्या इयत्तेचे सवंगडी मिळतात. या खेळाचा सर्वाधिक लाभ शहरातल्या मोठ्या शाळांपेक्षा या शाळांना होईल.

दुसरा सोबती कर्नाटकच्या सीमेपलीकडे आहे. कागल ओलांडून निपाणी, पुढे बेळगाव. तिथे मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, कन्नड माध्यमाच्याही आहेत. गडहिंग्लज आणि शिरोळच्या कितीतरी घरांत दोन्ही भाषा कानावर पडतात. कोल्हापूरच्या मुलांनी कन्नड वर्गाशी शंभरच्या तक्त्यावर खेळायचे ठरवले, तर दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांची संख्यानामे शिकावी लागतील. ‘इप्पत्तेळु’ म्हणजे वीस आणि सात हे कळलेले मराठी मूल ‘सत्तावीस’मधले सात आणि वीसही वेगळे ऐकू लागते. सीमेच्या वादात वाढणाऱ्या दोन बाजूंच्या मुलांना एकमेकांचा पहिला परिचय खेळातून व्हावा, यासारखी चांगली गोष्ट नाही.

इयत्तेप्रमाणे खेळ

अंगणवाडी आणि बालवाडीच्या मुलांसाठी पाचपर्यंतच्या संख्या पुरतात. एका बाजूने ठिपक्यांचे कार्ड दोन सेकंद दाखवायचे, दुसऱ्या बाजूने तितकी बोटे वर करायची. मोजण्याआधीच तीन किंवा चार ओळखण्याची नजर त्यातून तयार होते.

पहिलीत ‘दहा पूर्ण करा’ हा खेळ चालतो. इकडच्या मुलाने सात बोटे दाखवली तर तिकडच्याने तीन दाखवायची. दहाच्या जोड्या पाठ झाल्या की हातच्याची बेरीज सोपी जाते. संख्या शोधण्याचा खेळ १ ते २० मध्ये खेळावा.

दुसरीत तक्ता शंभरचा होतो. काड्यांचे दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या फोनसमोर धरून दुसऱ्या वर्गाला संख्या ओळखायला सांगता येते. एका बरणीतले हरभरे किती, याचा अंदाज दोन्ही वर्गांनी बांधायचा, मग दहादहाचे ढीग करून मोजायचे आणि कुणाचा अंदाज किती चुकला ते वजाबाकीने काढायचे.

तिसरी-चौथीत हजारपर्यंतच्या संख्या येतात आणि खऱ्या माहितीची देवाणघेवाण करता येते. गगनबावड्याच्या शाळेने आठवडाभराचा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजावा, शिरोळच्या शाळेनेही मोजावा आणि दोघांनी तुलना करावी. एकाच जिल्ह्यातला एवढा फरक पाहून मुलांना मोठ्या संख्यांचा अर्थ लागतो. देवळालीचे शिक्षक-गणिती द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये जगापुढे आणलेल्या ६१७४ या संख्येचा तीन अंकी धाकटा भाऊही कॉलवर शोधता येतो. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही तीन अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करायची आणि हेच पुन्हा करायचे. ३५२ घेतले तर ५३२ वजा २३५ म्हणजे २९७, मग ६९३, मग ५९४, मग ४९५. दुसऱ्या वर्गाने वेगळी संख्या घेतली तरी तोही ४९५ वरच येऊन थांबतो. दोन गावांतली मुले वेगवेगळ्या वाटांनी एकाच संख्येवर पोहोचतात, तेव्हा वजाबाकीचा सराव कंटाळवाणा राहत नाही.

साधने, वेळ आणि काळजी

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा असतो. फोनला एक छोटा स्पीकर जोडला आणि बोलणाऱ्या मुलाला फोनजवळ उभे केले की बहुतेक अडचणी सुटतात. वर्गात टीव्ही किंवा प्रोजेक्टर असला तर चांगले, नसला तरी अडत नाही. नेटवर्क क्षीण असेल तिथे साध्या फोनवर, स्पीकर लावून, चित्राशिवायही संख्या शोधण्याचा खेळ पूर्ण होतो. जून ते सप्टेंबर या काळात डोंगरी भागात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असतात, म्हणून दिवाळीनंतरचे महिने सोयीचे.

सोबती शाळा शोधण्यासाठी वेगळ्या यंत्रणेची गरज नाही. शेजारच्या शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षक नियमित भेटतात. तिथेच दोन शिक्षकांनी वार, वेळ आणि संख्येची मर्यादा ठरवावी. आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक कॉल पुरेसा आहे. उरलेल्या दिवसांत तोच खेळ वर्गातल्या दोन गटांत खेळावा, म्हणजे कॉलच्या दिवशी सगळे तयार असतात.

धिटाईने बोलणारी दोन-तीन मुलेच फोनसमोर येण्याचा धोका असतो. प्रश्न विचारण्याची पाळी हजेरीपटाप्रमाणे फिरवली, तर मागच्या बाकावरच्या मुलीलाही ती मिळते. घाई करणाऱ्या वर्गाला गुण देऊ नयेत. उत्तर बरोबर येण्याला आणि कारण सांगण्याला द्यावेत. चुकीचे उत्तर दिल्यामुळे समोरच्या वर्गाचा डाव बिघडला, तर दोन्ही वर्गांनी नोंद वाचून चूक एकत्र शोधावी. तो डावाचा सर्वांत शिकवणारा भाग असतो.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत नियम स्पष्ट हवेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पालकसभेत उपक्रम समजावून लेखी संमती घ्यावी. कॉल मुद्रित करू नये. मुलांची पूर्ण नावे, पत्ते बोलू नयेत. कॉल शिक्षकाच्याच फोनवरून आणि शिक्षकाच्या उपस्थितीतच व्हावा. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह टाळावा.

व्हिडिओ कॉल शिक्षकाची जागा घेत नाही. काड्यांचे गठ्ठे, गणितमाळ, नाणी-नोटा यांनी वर्गात पाया घातलेला असेल, तरच खेळाला धार येते. तो पाया ज्या शाळेत आहे, तिला जास्तीचा खर्च जवळजवळ शून्य आहे आणि मुलांना मिळते ती संख्या उच्चारण्याची, पटवून देण्याची आणि चूक दुरुस्त करण्याची खरी गरज. कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक केंद्रप्रमुखाने दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या केंद्रातल्या निदान दोन लहान शाळांची जोडी लावावी, आणि सीमेलगतच्या शाळांनी पलीकडची एक कन्नड शाळा सोबतीला घ्यावी. त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.